संस्था तशी नेतृत्वाची रीत

गेल्या सप्टेंबरातील गोष्ट. प्रस्तुत लेखक ज्या पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचा सभासद आहे, तिची वार्षिक सर्वसाधारण सभा एका शाळेच्या सभागृहात भरली होती. अध्यक्षांनी अहवालाची पाने उलटीत एकेक विषय वाचावा आणि पुढच्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठावा, असा क्रम चालला होता. पंधराव्या मिनिटास ताळेबंदही मंजूर झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून निवृत्तीला टेकलेले एक हेडक्लार्क उभे राहिले आणि त्यांनी विचारले, की थकीत कर्जाचा आकडा एका वर्षात दुप्पट कसा झाला व त्यात संचालकांच्या शिफारशीने दिलेली कर्जे किती? अध्यक्ष रागावले नाहीत. ते हसून म्हणाले, “अण्णा, आपण सारी घरचीच माणसे. घरातले हिशेब असे चव्हाट्यावर मांडायचे का? मागाहून बसू, चहा घेऊ.” सभागृहात हशा पिकला. अण्णा खाली बसले. वर्गात दरसाल लोकशाही नेतृत्वाचे गोडवे गाणारा प्रस्तुत लेखकही त्या दिवशी हात वर करून ‘मंजूर’ म्हणणाऱ्यांतच होता.

‘घरचीच माणसे’ हे शब्द तेव्हापासून मनात सलत राहिले. वस्तुतः ते शब्द वाईट नाहीत. एखाद्या कौटुंबिक पेढीत ते शोभले असते. किंबहुना तेथे तेच खरे भांडवल असते. परंतु पतसंस्था ही कोणाच्याही घरची नसते. एका प्रकारच्या संस्थेची भाषा दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत वापरली गेली आणि त्या एका वाक्याने शेकडो सभासदांचा प्रश्न विचारण्याचा हक्क हसण्यावारी नेला गेला. व्यवसायसंस्थांची घडण आणि त्यांतील नेतृत्वाची रीत यांचा संबंध किती जवळचा आहे आणि तो तुटला की काय होते, याचा विचार म्हणूनच करावयाचा.

क्रमिक पुस्तकांत नेतृत्वाचे तीन प्रकार सांगितलेले असतात: हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळीक देणारे. या वर्गीकरणामागे कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे केलेले प्रयोग आहेत. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांना निरनिराळ्या रीतीच्या नेत्यांच्या हाताखाली हस्तव्यवसाय करावयास दिले होते. हुकमी नेता समोर असेपर्यंत मुले झपाट्याने काम करीत. तो खोलीबाहेर गेला की काम मंदावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटात नेता बाहेर गेला तरी काम चालूच राही. यावरून विद्यार्थी सरळ निष्कर्ष काढतात, की लोकशाही रीत सर्वांत चांगली आणि प्रश्न संपला. प्रश्न मात्र तेथे संपत नाही. त्या मुलांनी आपला नेता निवडलेला नव्हता, त्यांचे भांडवल त्यात गुंतलेले नव्हते आणि काम बिघडले तर त्यांच्या पोटाला चिमटा बसणार नव्हता. व्यवसायात या तिन्ही गोष्टी असतात. म्हणून नेत्याचा स्वभाव कसा आहे हे पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा नेता कोणापुढे उत्तरदायी आहे? त्याला दूर करण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्याची चूक झाली तर नुकसान कोण सोसणार? या प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या घडणीत दडलेली असतात.

पेढी आणि कारखाना

सर्वांत साधी घडण भागीदारीच्या पेढीची. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घेण्याचा हक्क आहे. रोजच्या बाबी बहुमताने ठरतात. पण धंद्याचे स्वरूपच बदलावयाचे तर सर्वांची संमती लागते. एका भागीदाराने केलेला व्यवहार साऱ्यांना बांधतो आणि कर्ज फिटले नाही तर घरादारापर्यंत तगादा येतो. अशा ठिकाणी नेतृत्व म्हणजे हुकूम नव्हे, परस्परांचा विश्वास. वडीलधाऱ्या भागीदाराचा शब्द मानला जातो, याचे कारण त्याचे वय एवढेच नसून तोही इतरांबरोबर बुडणार आहे, हे असते.

याच विश्वासातून मोठा उद्योग उभा राहू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईतील तंत्रशिक्षण संस्थेत शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची बढती डावलली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावास गेले आणि बंधू रामूअण्णांसह त्यांनी धंदा वाढविला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी मानीत असत, त्या काळी त्यांनी लोखंडी नांगर बनविले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. तेथे कारखाना आणि वसाहत वेगळ्या नव्हत्या. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धाडस लक्ष्मणरावांनी केले, ते कोणत्याही नियमावलीत बसणारे नव्हते. अशा निर्णयासाठी त्यांना कोणा समितीची मंजुरी लागली नाही. चूक झाली असती, तर किंमत प्रथम त्यांनाच मोजावी लागली असती. पितृतुल्य नेतृत्वाचे बळ येथेच असते. निर्णय त्वरित होतो आणि निर्णय घेणाराच त्याची झळ सोसतो.

पण या रीतीची मर्यादाही तिच्या बळातच आहे. पितृत्व हे वारसाहक्काने पूर्णांशाने मिळत नाही. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंचा धंदा मर्यादित कंपनी झाला आणि भागधारकांचा संबंध आला. पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या शंतनुरावांनी पुणे, बंगळूर येथे कारभार विस्तारला, तो वडिलांच्या रीतीने नव्हे, यंत्रशास्त्र व हिशेब यांच्या आधारे. नंतरच्या पिढ्यांत २००९ मध्ये कुटुंबात वाटणीचा करार झाला आणि त्या करारावरूनच निर्माण झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यात कोणाची बाजू खरी हे सांगण्याचा येथे हेतू नाही. एवढेच दाखवावयाचे, की ज्या घडणीत नेत्याला दूर करण्याचा मार्ग कुटुंबाबाहेर नसतो, तेथे मतभेद अखेर न्यायालयाच्या दारी जातात.

एक सभासद, एक मत

सहकारी संस्थेची घडण याच्या उलट आहे. कंपनीत जितके भाग तितकी मते. सहकारात भाग कितीही असोत, मत एकच. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यामागे गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविणारे विठ्ठलराव विखे पाटील होते आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. हा जोड विचार करण्यासारखा आहे. फारसे शालेय शिक्षण नसलेला, पण शेतकऱ्याचे मन ओळखणारा एक नेता. आणि त्याच शेतकऱ्यांनी विश्वासाने अध्यक्षपदी बसविलेला एक प्राध्यापक. दोघांपैकी कोणालाही हुकूम सोडून चालणार नव्हते, कारण ज्यांना हुकूम द्यावयाचा तेच मालक होते. पटवून देणे हाच एक मार्ग होता. सुमारे दहा वर्षांनी गाडगीळांनी अध्यक्षपद सोडले व ते विखे पाटलांकडे आले. खुर्ची सोडता येणे, हेही सहकारी नेतृत्वाचे एक लक्षण मानावयास हवे.

मात्र सहकारातही सत्ता नाहीशी होत नाही, ती रूप बदलते, हे नाकारून चालणार नाही. साखर कारखान्याचा सभासद हा एकाच वेळी मालक, मतदार आणि ऊस पुरविणारा असतो. मतदार म्हणून तो संचालकांच्या वर. पण ऊस पुरविणारा म्हणून त्यांच्या खाली. उसाच्या तोडीची पाळी कोणाची आधी व कोणाची नंतर, हे कारखाना ठरवितो. तोड लांबली की उसाचे वजन घटते आणि वाळणाऱ्या उसाकडे पाहत शेतकरी स्लिप बॉयच्या घरी खेटे घालतो. कारखान्यातील नोकरी, सोसायटीचे कर्ज, मुलाचा महाविद्यालयातील प्रवेश ही सूत्रेही पुष्कळदा त्याच हातांत असतात. ज्याच्यापुढे नेत्याने उत्तर द्यावयाचे, तोच नेत्यापुढे हात जोडून उभा राहतो. अशा वेळी ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व कागदावर अबाधित राहते आणि प्रत्यक्षात मताची किंमत उतरते.

या अडचणीवर गुजरातेतील आणंद येथे एक तोडगा निघाला. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ १९४६ मध्ये स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे निवडून आलेले. तर १९४९ मध्ये आणंदला आलेले आणि पुढे संघाच्या कारभाराची सूत्रे हाती घेणारे डॉ. व्हर्गीस कुरियन हे नेमलेले. दूध कोणाचे, भाव काय, नफ्याचे काय करावयाचे, हे निवडून आलेल्यांनी ठरवावे. यंत्रे कोणती, भुकटी कशी करावयाची, बाजार कसा मिळवावयाचा, हे जाणकाराने पाहावे, अशी कामाची विभागणी झाली. त्रिभुवनदासांचे मोठेपण असे, की त्यांनी तंत्रज्ञाच्या कामात रोज हात घातला नाही. कुरियन यांची कार्यशैली हुकमी होती, असे अनेकांचे म्हणणे असे; पण ते स्वतःला शेतकऱ्यांचा नोकर म्हणवीत. त्या म्हणण्याची कसोटीही लागली. गुजरातच्या दूध विपणन महासंघाचे अध्यक्षपद त्यांना २००६ मध्ये सोडावे लागले, कारण सभासद संघांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा उरला नव्हता. तो प्रसंग अनेकांना क्लेशदायक वाटला. तथापि घडणीच्या दृष्टीने पाहिले तर निवडलेल्यांचा अधिकार सर्वांत मोठ्या व्यक्तीवरही चालतो, हेच त्यातून सिद्ध झाले.

लाटणे हाती असलेले नेतृत्व

मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली आणि आज तिच्या सभासद भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या पुढे आहे. येथे पापड लाटणारी प्रत्येक स्त्री मालक आहे. सकाळी भिजवलेले पीठ घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून द्यावयाचे, ही तिची रोजची वहिवाट. पुरुष असेल तो पगारी नोकर, मालक नव्हे. अध्यक्षपदावर येणारी स्त्रीही कधी ना कधी लाटणे हातात धरलेलीच असते. सात संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. नेत्याचे नाव ठाऊक नसताना संस्थेचे नाव घरोघरी पोहोचावे, हीच या घडणीची ओळख आहे.

या रीतीचे रहस्य कामाच्या स्वरूपात आहे. पापड लाटण्याचे कौशल्य सर्वांना येते, प्रत्येकीचा पापड पारखता येतो आणि अध्यक्षीण बाईंना जे कळते ते नव्या भगिनीलाही कळते. ज्ञानाची विषमता नसली की सत्तेची विषमताही टिकत नाही. साखर कारखान्यात किंवा बँकेत मात्र ताळेबंद वाचता येणारे थोडे आणि न येणारे फार. तेथे नुसत्या समान मताने समानता येत नाही.

सरकारी चौकट आणि कोकणचा लोहमार्ग

सरकारी उद्योगात खरा मालक जनता, पण ती कोठेच समोर नसते. तिच्या वतीने मंत्री, सचिव, लेखापरीक्षक, संसदेच्या समित्या असे अनेक जण प्रश्न विचारतात. ज्याला चार जणांना उत्तर द्यावयाचे, तो निर्णय घेण्यापेक्षा फाईल सुरक्षित ठेवण्याकडे झुकतो. याला आपण ‘सरकारी वृत्ती’ म्हणून हसतो. परंतु ती वृत्ती माणसाची नसून चौकटीची असते, याचा पुरावा कोकण रेल्वेने दिला.

१९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना या मार्गासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. पैसा मुख्यतः रोख्यांतून उभारावयाचा, म्हणजे व्याजाचा काटा डोक्यावर. सूत्रे रेल्वेतूनच आलेल्या ई. श्रीधरन यांच्याकडे होती आणि हाताखालचे बहुतेक अभियंतेही रेल्वेचेच. माणसे तीच, चौकट वेगळी. मार्गाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या मुख्य अभियंत्याला जागेवरच निर्णय घेण्याचे अधिकार दिले गेले आणि किती दिवस उरले हे दाखविणारी घड्याळे कचेऱ्यांत लागली. गोव्यात मार्गाविरुद्ध आंदोलन झाले, बोगद्यांत माती कोसळली, मजुरांचे प्राण गेले. सारे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. तरीही रोहा ते मंगळूर हा सातशे किलोमीटरांहून लांब मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. श्रीधरन कडक शिस्तीचे खरेच; पण त्यांची शिस्त फळाला आली ती अधिकार खाली सोडणाऱ्या घडणीत.

वेष एकाचा, रीत दुसऱ्याची

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येईल. पितृतुल्य, पटवून देणारी, विभागलेली, अनामिक आणि शिस्तबद्ध अशा सर्व रीती आपापल्या जागी यशस्वी झालेल्या आहेत. रीत वाईट नसते. ती चुकीच्या घरात शिरली की अनर्थ होतो.

सत्यम कंपनीचे उदाहरण घ्या. भांडवली बाजारातून लोकांचा पैसा घेतलेली ती कंपनी होती. संस्थापक कुटुंबाचा वाटा अखेरीस दहा टक्क्यांहूनही कमी होता. तरी २००८ च्या डिसेंबरात त्या कुटुंबाच्याच दुसऱ्या कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा ठराव संचालक मंडळाने मान्य केला. गुंतवणूकदारांनी ओरड केल्यावर तो मागे घ्यावा लागला आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच हिशेबातील खोटेपणाची कबुली दिली. मंडळावर नामवंत विद्वान होते. पण त्यांनी स्वतःला भागधारकांचे विश्वस्त न मानता घरच्या कार्याला आलेले पाहुणे मानले.

सहकारी बँकेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. निवृत्त शिक्षक, रिक्षावाले, छोटे दुकानदार बँकेच्या दारात रडताना साऱ्यांनी पाहिले. एका बांधकाम समूहास दिलेली प्रचंड कर्जे लपविली गेली होती. संस्था सहकारी, पण कारभार मूठभरांचा आणि झळ मात्र हजारोंना. पुढे २०२२ च्या जानेवारीत ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण अनेकांची आयुष्यभराची पुंजी त्यानंतरही हप्त्याहप्त्यानेच मिळावयाची होती.

जर्मन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये समाजवादी पक्षांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले, की संघटना कितीही लोकशाहीवादी असो, तिची सूत्रे अखेर थोड्यांच्या हाती जातात. याला त्यांनी पोलादी नियम म्हटले. सामान्य सभासदाला वेळ नसतो, माहिती नसते आणि आपण काही बोललो तर वाईटपणा येईल अशी भीती असते. मिशेल्स यांचे निदान बरेचसे खरे आहे. परंतु त्याला नियम म्हणणे म्हणजे सभासदाला दोषमुक्त करणे होय. पोलादालाही गंज चढतो, तो पाण्याच्या थेंबांनी. आणि संस्थेतील सत्तेच्या पोलादावर पडणारे थेंब म्हणजे सभासदांचे प्रश्न.

कायद्याने बरेच केले आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, सर्वसाधारण सभा घेणे सहकारी संस्थेवर बंधनकारक आहे. अहवाल व हिशेब सभेपुढे ठेवावे लागतात. पण कायदा सभा भरवू शकतो, तो सभासदाच्या तोंडून प्रश्न वदवू शकत नाही. अहवाल आधी वाचून जाणे, थकबाकीचा व तरतुदीचा आकडा गतवर्षीशी ताडून पाहणे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावयास सांगणे, एवढे काम कोणताही शिक्षक, कारकून किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी करू शकतो. नेता लोकशाहीवादी निघेल अशी वाट पाहत बसण्यापेक्षा सहकारात हे अधिक उपयोगाचे आहे, कारण येथे नेत्याची रीत सभासदच घडवितात किंवा बिघडवितात.

अण्णा यंदा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते हसून म्हणाले, “सर, तो चहा राहिलाच.” अध्यक्षांनी देऊ केलेला चहा त्यांना अद्याप मिळालेला नाही आणि उत्तरही. सप्टेंबर जवळ येत आहे. यंदाच्या अहवालातील थकीत कर्जाचे पान प्रस्तुत लेखकाने दुमडून ठेवले आहे. प्रश्न नवा नाही. तो अण्णांचाच आहे. आणि ‘आपण घरचीच माणसे’ असे उत्तर पुन्हा आले, तर एवढेच म्हणावयाचे, की अध्यक्षमहाराज, हे घर नव्हे, ही संस्था आहे; आणि म्हणूनच येथे हिशेब चारचौघांत विचारावयाचा असतो.